कासूले: मातीचं भांडं, तीन गावं आणि बदकाचा प्रश्न

फ्रेंच जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भली मोठी पांढरी ताटली, मधोमध लिंबाएवढा ऐवज आणि बाजूला सॉसचे तीन ठिपके. तेही आहे फ्रान्समध्ये, नाही असं नाही. पण आज त्याबद्दल बोलायचं नाहीये. आज बोलायचंय अशा जेवणाबद्दल, जे दुपारी जेवलात तर संध्याकाळपर्यंत कुणी तुम्हाला हलवू शकणार नाही. त्याचं नाव कासूले.

नैऋत्य फ्रान्समध्ये, तुलूझ आणि कार्कासोन यांच्या मध्ये, कानाल द्यु मिदी या जुन्या कालव्याच्या काठी कास्तेलनोदारी नावाचं छोटं गाव आहे. कासूले आपलंच, असं हे गाव म्हणतं. कार्कासोनही तेच म्हणतं, आणि तुलूझही. प्रोस्पेर मोंतान्ये म्हणून एक मोठे शेफ होऊन गेले, स्वतः कार्कासोनचे. त्यांनी 1929 मध्ये यावर तोडगा काढला तो थेट ख्रिस्ती त्रिमूर्तीचा: कास्तेलनोदारीचं कासूले म्हणजे पिता, कार्कासोनचं पुत्र आणि तुलूझचं पवित्र आत्मा. भांडण मिटलं का? अजिबात नाही. ढोबळमानाने सांगायचं तर कास्तेलनोदारीत डुकराच्या मांसावर भर, कार्कासोनमध्ये मेंढीचं मटण, कधी तित्तरही, आणि तुलूझमध्ये तिथलं जाड सॉसेज हवंच.

गावाची एक आवडती दंतकथा आहे. 1355 साली इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, ज्याला ब्लॅक प्रिन्स म्हणतात, चालून आला. गावकऱ्यांनी घरात उरलंसुरलं सगळं एका भांड्यात शिजवलं, सैनिकांना खाऊ घातलं आणि त्या ताकदीवर इंग्रजांना पळवून लावलं. ऐकायला छान आहे. फक्त प्रत्यक्षात एडवर्डने त्या साली कास्तेलनोदारी जाळलं होतं. आणि ज्या पांढऱ्या घेवड्याशिवाय कासूले होत नाही, तो तेव्हा युरोपात नव्हताच! तो आला अमेरिकेतून, कोलंबसच्या नंतर. त्याआधी असं काही शिजत असेल तर ते बाकल्याच्या दाण्यांचं. गंमत बघा, आपला राजमा, आपली फरसबी आणि हा घेवडा, तिन्ही एकाच जातीचे. गोव्यात चोरीस घालून फेजोआद करतात ना, तेही याच कुळातलं म्हणा. घेवडा, डुक्कर आणि मंद आच.

आता भांडं. त्याला म्हणतात कासोल, त्यावरूनच कासूले. जवळच्या इसेल गावच्या कुंभारांनी घडवलेलं, तळाशी अरुंद आणि वर पसरट. हा आकार उगाच नाही. तोंड जितकं पसरट, तितका वर खरपूस पापुद्रा जास्त. आणि खरा जीव त्या पापुद्र्यातच असतो.

घेवडा रात्रभर भिजत घालायचा. सकाळी एक उकळी आणून ते पाणी फेकून द्यायचं. मग डुकराची कातडी, लसूण, गाजर, कांदा घालून मऊ शिजवायचा, पण दाणा फुटता कामा नये. कातडीतला चिकटपणा रसात उतरतो आणि रस दाट होतो, त्याला पीठबीठ काही लागत नाही. मग कासोलमध्ये थर लावायचे: घेवडा, मांस, सॉसेज, पुन्हा घेवडा. आणि मंद ओव्हनमध्ये तीनेक तास. वर पापुद्रा धरला की चमच्याने मोडून आत दाबायचा. पुन्हा धरला, पुन्हा मोडायचा. जुने लोक सात वेळा सांगतात. मी कधी मोजत बसत नाही. काही जण वरून पावाचा चुरा भुरभुरतात, पण कास्तेलनोदारीत असं केलंत तर तोंडं वाकडी होतील.

बरं, आता बदक. एका श्रोत्याने विचारलंय, "हे सगळं ठीक, पण त्यातल्या बदकाचं काय?" प्रश्न योग्य आहे, टाळायचा नाही.

कासूलेत बहुतेक वेळा बदकाची तंगडी असते, कॉन्फी केलेली. म्हणजे मीठ लावून रात्रभर ठेवायची, मग बदकाच्याच चरबीत अगदी हळू शिजवायची आणि त्याच चरबीत बुडवून बरणीत भरायची. फ्रीज नव्हते तेव्हा हिवाळ्यात केलेली कॉन्फी महिनोन्‌महिने टिकायची. शेतकऱ्याची बेगमीच ती. पण ही तंगडी बऱ्याचदा त्याच बदकाची असते, ज्याला फ्वा ग्रासाठी पोसलेलं असतं. शेवटचे दोनेक आठवडे नळीने घशात मका भरतात, यकृत फुगावं म्हणून. भारताने 2014 मध्ये फ्वा ग्राच्या आयातीवर बंदी घातली. फ्रान्सच्या कायद्यात मात्र फ्वा ग्रा हा देशाचा सांस्कृतिक वारसा आहे. एकच ताटली, दोन देश, दोन कायदे.

तिथले शेतकरी म्हणतात, आमच्या आज्या हेच करत आल्या. खरं आहे, आणि त्यांचं घर त्यावर चालतं हेही खरं. तरी मला ते पटत नाही. मी बदकाशिवायचं कासूले मागतो: डुकराचा खांदा, सॉसेज, कातडी. यात पदार्थाचा अपमान वगैरे काही होत नाही. 1966 साली फ्रान्समध्ये कासूलेचं प्रमाण ठरवलं गेलं, तेव्हा मांस किमान 30 टक्के हवं म्हटलं, पण ते डुक्कर, मेंढी किंवा हंस यांपैकी काहीही चालतं. बाकी 70 टक्के घेवडा, रस आणि मसाला. म्हणजे मुळात हा घेवड्याचाच पदार्थ आहे.

शाकाहारी मंडळींना मात्र स्पष्ट सांगतो. हॉटेलात "मांस बाजूला काढून द्या" म्हणू नका. कातडीचा रस प्रत्येक दाण्यात मुरलेला असतो. घरी करायचं तर पांढरा राजमा घ्या, भरपूर लसूण, टोमॅटो, थाइम, वरून ऑलिव्ह तेल, आणि पापुद्रा मोडायचा खेळ तसाच खेळा. त्याला कासूले म्हणू नका एवढंच, तुलूझवाले ऐकतील.

आणि हो, रात्री खाऊ नका. दुपारी खा, रविवारी खा, सोबत नुसतं हिरवं सॅलड ठेवा. उरलं तर दुसऱ्या दिवशी थोडं पाणी शिंपडून ओव्हनमध्ये गरम करा, आदल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं. पुढच्या भागात ओब्राकच्या पठारावर जाऊ, तिथे बटाट्यात चीज घोटून हातभर तार काढतात, त्याला आलिगो म्हणतात. भेटू.