मेंदूतील गुठळी आणि हाती असलेली वेळ

(पंचायत समिती सदस्य, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘अंगावरून वारे गेले’ असे आपल्याकडे म्हणतात. चांगला हिंडताफिरता माणूस एकाएकी खाली बसतो, तोंड वाकडे होते, जीभ अडखळते, एका बाजूचा हातपाय लुळा पडतो. शब्दप्रयोग मोठा बोलका आहे. परंतु त्याने थोडा घोटाळाही केला आहे. दोष वाऱ्याचा म्हटला की मन तेलमालिशीकडे वळते, क्वचित कबुतराच्या रक्ताने अंग चोळण्याकडेही वळते. वास्तविक दोष हातापायांत नसतोच. तो मेंदूच्या रक्तवाहिनीत असतो. पक्षाघाताच्या बहुसंख्य रुग्णांत त्या वाहिनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते. उरलेल्यांत वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. भेद कळतो तो सी. टी. स्कॅनने किंवा तत्सम तपासणीने. म्हणूनच, रक्त पातळ होईल या समजुतीने घरच्या घरी ॲस्पिरिनची गोळी देणे धोक्याचे असते. रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करू शकते.

मी कलाशाखेचा पदवीधर. जाणकारांकडून समजून घेतलेले आपल्यापर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. परंतु या विषयात एक आकडा असा आहे की, तो समजण्यास वैद्यकाचा अभ्यास लागत नाही. मेंदूची मोठी रोहिणी, म्हणजे शुद्ध रक्त आणणारी वाहिनी, बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली मांडण्यात आला. आपण आता दहा मिनिटे बोलत बसलो आहोत, तेवढ्यात किती, याचा हिशेब शिक्षक मंडळींनी करावा.

गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून देता येते, हे १९९५ च्या अमेरिकेतील चाचणीने सिद्ध केले. तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. २००८ साली युरोपातील चाचणीनंतर ती साडेचार तासांपर्यंत गेली. औषध चांगले आहे. परंतु मोठ्या रोहिणीत लांबलचक गुठळी बसली असेल, तर ते पुष्कळदा अपुरे पडते. मग प्रश्न उरला तो असा : नळात बसलेला बोळा जसा तार घालून काढतात, तशी ही गुठळी ओढून काढता येणार नाही काय?

पायातील रोहिणीपुरते याचे उत्तर फार पूर्वीच मिळाले होते. थॉमस फोगार्टी नावाच्या अमेरिकन तरुणाने विद्यार्थिदशेत रुग्णालयात काम करीत असता एक युक्ती केली. शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याचे बोट कापून त्याने ते बारीक नळीच्या टोकास बांधले. गाठ मारली ती मासे धरण्याचे गळ बांधताना हातात बसलेल्या सवयीने! नळी गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि गुठळीसकट मागे ओढायचा. १९६३ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. मेंदूतील रोहिण्या मात्र नाजूक आणि वळणावळणाच्या. तेथे पोहोचण्यास आणखी चार दशके लागली. २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘मर्सी’ हे साधन बाटलीचे बूच काढण्याच्या स्क्रूसारखे होते. पुढे २०१२ साली जाळीदार साधने आली. त्यांना ‘स्टेंट रिट्रीव्हर’ म्हणतात.

प्रत्यक्ष क्रिया अशी. जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीत छिद्र पाडून लांब नळी आत सरकविली जाते. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती मानेपर्यंत नेतात. तिच्यातून आणखी बारीक नळी व तार गुठळीच्या पार जाते. तेथे मिटलेली जाळी उघडली जाते. तिच्या तारा गुठळीत रुततात. काही मिनिटे थांबून जाळी गुठळीसह बाहेर ओढतात आणि त्याच वेळी नळीतून शोषण चालू ठेवतात, म्हणजे तुकडे सुटून पुढे जाऊ नयेत. दुसऱ्या रीतीत जाळी वापरत नाहीत. जाड नळीचे तोंड गुठळीस लावून ती शोषून घेतात. कवटी उघडावी लागत नाही.

या उपचाराचा मार्ग सरळ नव्हता. २०१३ साली तीन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तिन्हींत फायदा दिसला नाही. साधने बहुतांशी जुनी होती, विलंब फार झाला होता आणि मोठी रोहिणी खरोखर बंद आहे किंवा नाही, हे पुष्कळ रुग्णांत आधी पाहिलेच नव्हते. या ठिकाणी नेदरलँड्स सरकारने एक प्रशासकीय निर्णय घेतला, तो आपण मंडळींनी ध्यानात घेण्याजोगा आहे. या उपचाराचा खर्च, रुग्ण चाचणीत सहभागी असेल तरच मिळेल, असे तेथे ठरले. सोळा रुग्णालयांतील ५०० रुग्णांची चाचणी त्यामुळे तडीस गेली. २०१५ साली निष्कर्ष छापून आला : तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणारे रुग्ण या उपचाराने शेकडा सुमारे ३३, नेहमीच्या उपचाराने १९. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी तेच सांगितले. पाचही एकत्र करून १,२८७ रुग्णांचा हिशेब २०१६ साली मांडला गेला, तेव्हा हे प्रमाण ४६ आणि २६.५ असे निघाले. शंभरातील निम्म्याहून अधिक माणसे उपचारानंतरही परावलंबी राहिली किंवा दगावली, हेही त्याच आकड्यांत आहे. चमत्काराची भाषा मी करणार नाही.

कोणास उपयोग होतो? मोठ्या रोहिणीत गुठळी असेल त्यास, शक्यतो पहिल्या सहा तासांत. २०१८ च्या सुमारास दोन चाचण्यांनी दाखविले की, मेंदूचा मेलेला भाग लहान आणि वाचविण्याजोगा भाग मोठा असल्याचे विशेष स्कॅनमध्ये दिसले, तर निवडक रुग्णांत एकीत सोळा व दुसरीत चोवीस तासांपर्यंतही फायदा होतो. लहान फांद्यांतील गुठळ्यांबाबत मात्र २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत लाभ आढळला नाही. चोवीस तासांचा आकडा ऐकून कोणी निवांत होऊ नये. तो आशा सोडू नये यासाठी आहे, सकाळपर्यंत थांबावे यासाठी नाही.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. असा कक्ष आणि असे तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांतच असतात. मग जवळचे रुग्णालय टाळून थेट शहर गाठावे काय? स्पेनमधील कॅटालोनियात नेमका हाच प्रश्न तपासला गेला. २०२२ च्या निष्कर्षात दोन्ही मार्गांच्या परिणामांत फरक आढळला नाही. परंतु तेथील जवळची रुग्णालये स्कॅन व औषध यांची तत्परतेने सोय करणारी होती, हे विसरता कामा नये. आपल्याकडे सी. टी. स्कॅन नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावून दोन तास घालविणे म्हणजे जवळचे रुग्णालय गाठणे नव्हे. तेव्हा ग्रामपंचायतींनी आजच चौकशी करावी : सी. टी. स्कॅन रात्रंदिवस चालू असलेले रुग्णालय कोणते, गुठळी विरघळविणारे औषध कोठे मिळते, गुठळी काढण्याची सोय कोणत्या शहरात आहे आणि कोणत्या शासकीय योजनेत खर्च बसतो. ती माहिती दूरध्वनी क्रमांकांसह पंचायतीच्या फलकावर लिहावी.

शाळेत मुलांना तीन गोष्टी शिकविता येतील. हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तिन्हींपैकी एक जरी बिघडले, तरी १०८ ला फोन करावा. रुग्णास पाणी, चहा, गोळी काहीही तोंडावाटे देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडली असल्यास ते फुप्फुसात जाते. आणि रुग्णाला शेवटचे धडधाकट कोणी, किती वाजता पाहिले, ही वेळ कागदावर लिहावी. पहाटे उठताना झटका आढळला, तर रात्री झोपताना ठीक होता ती वेळ धरावी. डॉक्टर प्रथम हेच विचारतात. तेव्हा रुग्णवाहिकेत बसवून द्यायचे ते ही वेळ आणि रुग्णाची चालू औषधे ठाऊक असलेल्या माणसाला. गावातील वजनदार पुढारी मागाहून आला तरी चालेल.