माळीकामाची दीक्षा

घरातले माणूस आजारी पडले म्हणजे डॉक्टरकडे जावे, हे कोणी सांगावे लागत नाही. परंतु परसातले झाड आजारी पडले तर कोणाकडे जावे? बेळगावात किंवा निपाणीत हा प्रश्न विचारला, तर बहुतेक जण औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवतील. रोगट पान खुडून दुकानदारास दाखवावे, त्याने बाटली द्यावी आणि आपण ती फवारावी, असा रिवाजच पडून गेला आहे. दुकानदार लबाड असतो असे मी म्हणत नाही. पण ज्याचे पोट बाटलीच्या विक्रीवर आहे, त्याच्या तोंडून ‘आठवडाभर काही करू नका, नुसते पाहा’ हा सल्ला निघावा कसा?

आपल्या संकेश्वरी मिरचीचेच उदाहरण घ्या. पाने आकसली की आपण सरसकट ‘चुरडामुरडा झाला’ म्हणतो. वास्तविक पानांच्या कडा वरच्या बाजूस वळल्या असतील तर अपराधी बहुधा फुलकिडे असतात. खालच्या बाजूस वळल्या असतील तर कोळी. कोळी हा कीटक नव्हे, तो आठ पायांचा वेगळाच जीव. पुष्कळशी कीटकनाशके त्यास मारीत नाहीत. त्यास खाणाऱ्या मित्रकीटकांना मात्र मारतात. म्हणजे बाटली चुकली की पैसे जातातच, शिवाय उपद्रवही वाढतो. पान उलटून पाहणारा आणि विकायला काहीही नसलेला असा जाणकार शेजारी असता, तर हे टळले असते.

असा शेजारी मुद्दाम तयार करता येतो, ही गोष्ट अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने दाखवून दिली. तेथील विद्यापीठाच्या कृषिविस्तार विभागातील अधिकाऱ्यांकडे शहरातील हौशी बागवानांच्या प्रश्नांची इतकी रीघ लागली, की मूळ काम बाजूला पडू लागले. तेव्हा १९७२ साली त्यांनी टॅकोमा शहरातील एका मोठ्या बाजारसंकुलात झाडांचा दवाखाना मांडून पाहिला, आणि पुढच्या वर्षापासून स्वयंसेवकांस रीतसर शिक्षण देण्यास आरंभ केला. माती, वनस्पतीची रचना, कीड, रोग, खते या विषयांचा अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची आणि त्याच्या मोबदल्यात ठरावीक तास लोकांना विनामूल्य सल्ला द्यायचा, असा हा करार. या स्वयंसेवकास ‘मास्टर गार्डनर’ म्हणतात. ही पदवी त्यांनी जर्मन भाषेतील ‘गार्टनमाइस्टर’ या शब्दावरून घेतली. तिची मौज अशी, की ती एकदा मिळवून भिंतीवर टांगून ठेवता येत नाही. सेवेचे तास आणि नवा अभ्यास चालू ठेवला, तरच ती टिकते.

पुढे ही कल्पना कॅनडात गेली. आल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांतील विस्तीर्ण गवताळ माळास ‘प्रेअरी’ म्हणतात. कॅलगरी, एडमंटन या तेथल्या शहरांत आज मराठी कुटुंबेही नांदत आहेत. हिवाळ्यात तेथे पारा कधी कधी शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. रोपे गोठणार नाहीत असे दिवस वर्षाकाठी जेमतेम चार महिने, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. तिथे उबदार मुलुखात लिहिलेली बागकामाची पुस्तके काय कामाची? जमिनीवर बर्फाची जाड दुलई असेल तर तिच्याखाली मुळे तग धरतात. दुलई नसेल तर जमीन खोलवर गोठते, हे तेथे राहूनच कळते. कॅलगरीकडे भर हिवाळ्यात ‘चिनूक’ नावाचा उष्ण वारा सुटतो आणि बर्फ वितळवून टाकतो. वसंत आला असे समजून झाड जागे होऊ लागते, आणि मागाहून परतलेली थंडी त्यास गाठते. म्हणूनच तेथे सल्लागार त्याच मातीतला लागतो.

आपल्याकडे बर्फ नाही. पण न्याय तोच. निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. तेवढ्यात तंबाखूची काळी जमीन मागे पडून तांबडी माती लागते. पुढे खानापूरकडे जांभा आणि धो धो पाऊस. उलट अथणीच्या बाजूस पावसाची वाट पाहावी लागते. काळ्या जमिनीत मुळाशी पाणी साचून रोप कुजते. तांबड्या जमिनीत तेच पाणी भराभर निथळून जाते. एकाच जिल्ह्यातील दोन परसांना एकच सल्ला कसा लागू पडावा?

लोकांनी लोकांस शिकवावे हा विचार आपल्या भूमीस परका नाही. निपाणीहून फार दूर नसलेल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणारे श्रीपाद दाभोळकर यांनी १९६६ च्या सुमारास ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि ती दुसऱ्यास सांगावी, ही त्याची रीत. तासगावकडील द्राक्षबागायतदारांनी तिचा लाभ घेतला. दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब जगू शकते, असे दाभोळकर हिशेबाने मांडीत. त्यांच्या परिवारात प्रमाणपत्र नव्हते. अनुभव हीच सनद होती.

सरकारनेही या दिशेने पाऊल टाकले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास या दोन मंत्रालयांनी ‘कृषी सखी’ योजनेचा करार केला. बचत गटांतील स्त्रियांना ५६ दिवसांचे प्रशिक्षण देऊन आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्यात येते. पहिल्या टप्प्यातील १२ राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही आहेत. जून २०२४ मध्ये ३०,००० हून अधिक सखींना प्रमाणपत्रे मिळाली. पण या सखींचे क्षेत्र मुख्यतः शेत. शहरातले परस, गच्चीवरच्या कुंड्या, शाळेची बाग यांना वाली कोण?

हे काम आपणच अंगावर घ्यावे, असे मला वाटते. निवृत्त शिक्षक, गृहिणी, महाविद्यालयातील मुले यांनी बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात जाऊन जाणत्यांकडून शिकून घ्यावे. मग दर रविवारी दोन तास वाचनालयाच्या, देवळाच्या वा चर्चच्या आवारात एक टेबल मांडावे. तेथे मनुष्याने रोगट पान आणावे आणि उत्तर घेऊन जावे. निंबोळ्या घरी कुटून पाच टक्के अर्क कसा करावा, म्हणजे लिटरभर पाण्यास पन्नास ग्रॅम कसे धरावे, हे त्यास समक्ष दाखवावे. जे ठाऊक नाही ते ‘विचारून सांगतो’ म्हणावे. दुकानास हे परवडत नाही, स्वयंसेवकास परवडते.

सीमाभागात या कामास आणखी एक मोल आहे. शासनाची माहितीपत्रके बहुशः कन्नडात निघतात. कित्येक मराठी आजीबाईंना ती वाचता येत नाहीत. दोन्ही भाषा जाणणारा एखादा तरुण त्या टेबलापाशी बसला, तर मिरचीच्या पानावरून दोन घरे एकमेकांशी बोलू लागतील. कीड काही भाषा विचारून येत नाही.

अरणच्या सावता माळ्यास विठ्ठल आपल्या मळ्यातच भेटला. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालिया पुनरुत्थित ख्रिस्ताला प्रथम माळीच समजते. दोन्ही परंपरांनी या कामास एवढा मान दिला आहे. परीक्षा देऊन आणि आठवड्याचे दोन तास देऊन तो मान मिळत असेल, तर सौदा महाग नाही. येत्या मृगापूर्वी आपल्या गल्लीतून निदान एक माणूस या शिक्षणासाठी निघावा, एवढीच माझी विनंती.