स्थानिक पालक



हैदराबादेत शिकायला येणाऱ्या मुलांच्या प्रवेश अर्जावर एक रकाना असतो. आईचे नाव, वडिलांचे नाव आणि त्याखाली ‘लोकल गार्डियन’, म्हणजे स्थानिक पालक. नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर या बाजूने आलेल्या मुलामुलींच्या अर्जांवर गेली पंधरा-वीस वर्षे त्या रकान्यात माझे नाव आणि आमचा बरकतपुऱ्याचा पत्ता पडत आला आहे. कुणी बहिणीची मुलगी, कुणी दिरांच्या साडूंचा मुलगा. काहींशी नाते नेमके काय, हे मलाही सांगता यायचे नाही. काम तसे फारसे नसायचे. रविवारी जेवायला बोलवायचे, दिवाळीच्या आधी काचीगुड्याला गाडीत बसवून द्यायचे आणि आईचा फोन आला की ‘वाळली नाही हो, चांगली आहे’ एवढे सांगायचे.

आता त्या रकान्यात सही करताना माझा हात अडखळतो.

कोरोनामुळे बंद पडलेले तेलंगणातल्या शाळा-कॉलेजांचे वर्ग १ सप्टेंबर २०२१पासून पुन्हा भरू लागले आणि तेव्हापासून माझा फोन थंड झालेला नाही. परवा शुक्रवारी गणपती बसले. त्या दिवशी मोदकांचे सारण ढवळता ढवळता मी तीन घरच्या आयांशी बोलले. सारण खाली लागले, ते वेगळे. या बोलण्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वर्गाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. प्राध्यापकांनी लस घेतली का, बाकावर किती अंतराने बसवणार, हे कुणाच्या मनातही येत नाही. विचारतात ते असे : खोलीत किती जणी? बाथरूम किती जणींत मिळून? मेसमध्ये ताटे कोण धुते? आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून : ताप आला तर तिला कुठे ठेवतील?

आयांना हे कुणी शिकवलेले नाही, पण त्यांचा नेम बरोबर लागला आहे. २०२०च्या डिसेंबरात मद्रासच्या आयआयटीत शंभरावर मुले बाधित निघाली. तेव्हा वर्ग भरतच नव्हते. आवारात थोडीशीच मुले होती, ती बहुतेक संशोधन करणारी, आणि संशय गेला तो मेसवर. आपल्या हैदराबाद विद्यापीठाचे गच्चीबावलीचे आवार २३०० एकरांचे म्हणून सांगतात. तिथेही मुलांना एकदम न बोलावता टप्प्याटप्प्याने बोलावले, आधी संशोधक. ते शहाणपणाचेच झाले. कारण एकर कितीही असोत, रात्री आठ वाजता भाताच्या पातेल्यापुढे रांग एकच लागते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने २०२०च्या ऑगस्टमध्ये मुले बोलावली आणि आठवड्याभरात पदवीचे सगळे वर्ग पुन्हा पडद्यावर नेले. तिथेही मुले वसतिगृहांत एकमेकांच्या संगतीत आजारी पडली होती. विसाव्या वर्षी मुले एकत्र राहिली की एका बशीत खाणारच. त्यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही.

पण देगलूरच्या माझ्या थोरल्या बहिणीची भीती याहून जुनी आहे. त्या भीतीचा दिवस मला पाठ आहे : २५ मार्च २०२०. पाडवा. आदल्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झालेली. तिची मुलगी, माझी भाची, तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, दिलसुखनगरच्या एका खाजगी वसतिगृहात. सकाळी मी श्रीखंडासाठी चक्का टांगला होता. साडेनऊला तिचा फोन. “मावशी, मॅडम म्हणतात संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा.”

त्या दिवशी हे शहरभर चालले होते. अमीरपेट, दिलसुखनगर, माधापूर, जिथे जिथे वसतिगृहे आणि पीजी आहेत तिथे तिथे मालकांनी मुलांना पिशव्या भरायला सांगितल्या. स्वयंपाकी निघून गेलेले, किराणा मिळेल की नाही ठाऊक नाही, पोलीस दंड करतील ही धास्ती. मालकही घाबरलेलेच होते. मुले पोलीस ठाण्यांपुढे जमली, हजारोंनी. पोलिसांनी गावी जायचे पास लिहून दिले. पास घेऊन मुले विजयवाड्याच्या रस्त्याला लागली, तर आंध्रच्या हद्दीवर गरिकपाडूच्या नाक्यावर त्यांना अडवले. पुढे जाता येईना, मागे खोलीला कुलूप. शेवटी सरकारने सांगितले की वसतिगृहे बंद करायची नाहीत, मुलांना बाहेर काढायचे नाही. तोवर निघालेली मुले निघून गेली होती.

भाचीचे नशीब एवढेच की तिच्या अर्जावर बरकतपुऱ्याचा पत्ता होता. आमचे हे स्कूटरवर गेले, दोन ठिकाणी पोलिसांना अर्ज दाखवला, ‘लोकल गार्डियन’च्या रकान्यावर बोट ठेवले आणि तिला घेऊन आले. मांडीवर बॅग, पाठीवर पुस्तके, हातात पाण्याची बादली. बादली का आणलीस म्हणून मी विचारले तर म्हणाली, “नवीन आहे मावशी, मागच्याच आठवड्यात घेतली.” श्रीखंड संध्याकाळी झाले. देगलूर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण मधे दोन राज्यांची शीव. मे महिना लागेपर्यंत ती आमच्याकडेच होती.

म्हणून म्हणते, रोगाचे भय आहेच, पण या आईबापांच्या मनात घर करून बसला आहे तो बंद दरवाजा. मूल आजारी पडेल, हे त्यांनी गृहीत धरले आहे. आजारी पडल्यावर त्याला ‘तुमचे तुम्ही बघा’ म्हणतील, हे त्यांना सोसवत नाही.

आणि तसे म्हणतात, हे मी स्वतः पाहिले आहे. २०२१च्या १ फेब्रुवारीला कॉलेजे उघडली आणि २४ मार्चला, वैद्यकीय कॉलेजे सोडून, सगळी परत बंद झाली. निवासी शाळांतून, वसतिगृहांतून मुले बाधित सापडू लागली होती. त्या सात आठवड्यांतली गोष्ट. ओळखीतल्या एका मुलाला रात्री ताप भरला. वसतिगृहाचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, दुसरीकडे वेगळे घडले असते असे नाही. अकरा वाजता वॉर्डनचा फोन : “अम्मा, टेन्शन नक्को, खाली आके ले जाव बच्चे को.” टेन्शन नको म्हणणाऱ्यानेच ते माझ्या पदरात टाकले होते. आम्ही गेलो तेव्हा मुलगा फाटकाबाहेर, बंद पानटपरीच्या पायरीवर, अंगावर चादर घेऊन बसलेला. पुढे तो साधा व्हायरल निघाला, चौथ्या दिवशी उठून इडली मागू लागला. त्याच्या आईला ती पायरी मी अजून सांगितलेली नाही. हे भाषण ती ऐकत असली तर आज कळेल. ताई, राग धरू नका.

आता या वेळच्या कागदाबद्दल. काही ठिकाणी पालकांकडून एक हमीपत्र मागत होते. मजकूर थोडक्यात असा, की आम्ही आमच्या मर्जीने पाल्याला पाठवत आहोत, त्याला संसर्ग झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. ३१ ऑगस्ट २०२१ला, वर्ग उघडायच्या आदल्या दिवशी, तेलंगण उच्च न्यायालयाने शाळांच्या बाबतीत यावर स्पष्ट सांगितले : मुलांवर वर्गात यायची सक्ती करू नका, निवासी शाळा तूर्त उघडू नका आणि पालकांनी असे लिहून दिले तरी त्याला कायद्याने किंमत नाही. हा हुकूम शाळांसाठी होता. कॉलेजात आणि खाजगी वसतिगृहात शिरताना पुढ्यात आलेल्या कागदाचे काय, ते ज्याचे त्याने पाहायचे. मला या हमीपत्रात खटकते ते हे की त्यात कोण जबाबदार नाही, हे ठळक छापलेले असते. कोण जबाबदार आहे, त्यासाठी एक ओळही सोडलेली नसते.

मग मुलांना घरीच ठेवावे का? माझ्या बहिणीला मी हे विचारले. ती लगेच म्हणाली, “नको ग बाई. घेऊन जा एकदाची.” दीड वर्ष पोरगी माळवदावर बसून मोबाइलवर तासिका ऐकते आहे, कारण खाली रेंज मिळत नाही. रसायनशास्त्र हा तिचा विषय. टायट्रेशनचा रंग बदलताना तिने पाहिला तो व्हिडिओत. ब्युरेट हातात धरून किती दिवस झाले, ते तिला आठवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती पदवीधर होईल. त्यातच तिच्या आत्याबाईंनी दोन स्थळे आणली. घरात रिकामी दिसते ना पोरगी! भाचीने मला निरोप पाठवला तो आईच्या चोरून : “मावशी, हॉस्टेल सुरू झाले का ते आधी मला सांग.” तिला कोरोनापेक्षा आत्याबाईंची भीती जास्त आहे. मुलींच्या बाबतीत कॉलेज लांबण्याची किंमत अशीही मोजावी लागते, आणि ती कोणत्याही सरकारी आकड्यात येत नाही.

मराठवाड्याच्या आईबापांनी हैदराबादकडे पाहत काळजी करणे आजचे नाही. मराठवाड्यात १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झाले. त्याआधी निजामाच्या मुलखातल्या मुलाला पुढे शिकायचे तर उस्मानिया. १९३८ साली वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानियातून मुलांना काढून टाकले, तेव्हाही गावोगावच्या वाड्यांत चुली थंडावल्या असतील. त्या मुलांना नागपूर विद्यापीठाने घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. एक दार बंद झाले तर दुसऱ्या कुणीतरी उघडून आत घेतले, म्हणून ती पोरे शिकली.

साथी तर या शहराच्या सवयीच्या. नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलला आमच्याकडची जुनी माणसे अजून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचे, कोरंटीची फुले असतील आवारात. हा ‘क्वारंटाइन’चा घासून गुळगुळीत झालेला शब्द, हे मला गेल्या वर्षी कळले. म्हणजे तापाच्या माणसाला वेगळे ठेवायचे, पण ठेवायचे, पायरीवर बसवायचे नाही, एवढी समज या गावाला शंभर वर्षांपूर्वीही होती. कॉलेजांनी नवे काही शोधायला नको. दोन खोल्या रिकाम्या ठेवा, तिथे संडास वेगळा, जेवण दाराशी पोचवायला एक माणूस, आणि एक डॉक्टर ज्याचा फोन रात्री लागतो. त्या डॉक्टरचे आणि त्या माणसाचे नाव हमीपत्राच्या खाली छापा. मग पालक वरच्या भागावर डोळे मिटून सही करतील. मी तर करीनच.

आमचा खैरताबादचा गणपती २०२० साली नऊ फुटांवर आला होता, धन्वंतरीच्या रूपात. एरवी त्याच्या मुकुटाकडे पाहताना मान दुखते. २०२१ साली तो चाळीस फुटांचा होता. पालकांची हिंमतही तेव्हा तेवढ्याच उंचीची होती, एरवीच्या अर्ध्याच्या थोडी वर.

हिंमत पुरती येत नव्हती याला लसीचाही हातभार होता. कोव्हॅक्सिन तयार होत होती ती याच शहराच्या शिवेवर, जिनोम व्हॅलीत. पण इंटरला, म्हणजे तुमच्या अकरावी-बारावीला, असलेली सतरा वर्षांची मुले २०२१च्या सप्टेंबरात लसीच्या रांगेतच नव्हती, आणि कॉर्पोरेट कॉलेजांच्या वसतिगृहांत गर्दी त्यांचीच. ज्यांना अठरा पूर्ण झाली त्यांचे वेगळे त्रांगडे. माझ्या भाचीने कोविशील्डचा पहिला डोस १२ जुलैला देगलूरला घेतला. दुसरा ८४ दिवसांनी. कॉलेज उघडले १ सप्टेंबरला. कॉलेजाच्या तारखेला आणि लसीच्या तारखेला एकमेकींची गाठ घालून द्यायचे कुणाच्याच डोक्यात आले नाही.

भाची येत्या रविवारी येते आहे. बादली अजून माझ्याकडेच आहे. दुसरा डोस तिला ४ ऑक्टोबरला मिळेल, तो इथेच बरकतपुऱ्याजवळ घेऊ. अडचण एकच आहे : नोंदणी भाऊजींच्या मोबाइलवर झालेली आहे, तेव्हा ओटीपी जाणार देगलूरच्या दुकानात. भाऊजी, ऐकताय ना? त्या दिवशी सकाळी फोन गल्ल्यावर ठेवून शेताकडे जाऊ नका. आम्ही इकडे रांगेत उभ्या असू.