कागदांची घरघंटी

भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या कुठल्याही च्वाइस सेंटरवर, म्हणजे सरकारी सेवा केंद्रावर, जरा थांबून पाहा. आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान, पगारपत्रक असे सगळे स्कॅन होते आणि मग 'एकच फाइल हवी, दोनशे केबीच्या आत' म्हणून कुठल्याशा फुकट संकेतस्थळावर चढवले जाते. दोन मिनिटांत काम होते. पण मंडळी, फाइल गेली कुठे?

गिरणीत डबा ठेवून आपण घरी येतो. दळण मिळते, पण त्यात कोणाची मूठभर ज्वारी मिसळली, आपले गहू किती उरले, कोण पाहतो? गव्हाचे चालून जाते, आधारचे चालणार नाही. म्हणून घरघंटी हवी, म्हणजे पीडीएफचे काम आपल्याच संगणकावर करणारी प्रणाली.

अशा खुल्या, ओपन सोर्स घरघंट्या फुकट मिळतात. स्टर्लिंग पीडीएफ त्यांतली मोठी. जोडणे, तोडणे, आकार कमी करणे, पासवर्ड लावणे, सगळ्या जाळ्या तिच्यासोबत येतात. डॉकर नावाचे साधन वापरून ती एका संगणकावर बसवली की दुकानातले बाकीचे संगणक तिच्यावरच दळतात. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्राला मात्र ती जड जाते. आणि ती अंगणात मांडू नका. लॉगिनशिवाय इंटरनेटवर उघडी राहिली तर कोणीही येऊन दळून जाईल. बेंटो पीडीएफ हलकी. ती ब्राउझरमध्येच दळते, फाइल सर्व्हरपर्यंतही जात नाही. माझे मत विचाराल तर घरी बेंटो, दुकानात किंवा एखाद्या मंडळाच्या कचेरीत स्टर्लिंग.

आता मराठीचे पाहू. स्कॅन केलेल्या पानातला मजकूर ओळखायला स्टर्लिंग टेसरॅक्ट वापरते. हे टेसरॅक्ट ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्मले आणि २००५ साली खुले झाले. त्याला मराठीची भाषाफाइल वेगळी द्यावी लागते. ही जाळी बदलायला विसरलात तर वडिलांच्या जुन्या मराठी दाखल्याचा नुसता भुगा हाती येईल.

अजून एक. आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढली म्हणून खालचा आकडा पुसला जातोच असे नाही. तो पट्टीखाली तसाच राहू शकतो. निदान शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क केलेले आधार तरी वापरा.

पुन्हा सांगतो, कारण मुद्दा हाच आहे: फाइल कुठे जाते? दुकानदाराला म्हणा, 'भाऊ, पान उघडल्यावर जरा बाहेरचे नेट बंद करा आणि मग फाइली जोडा.' जोडल्या गेल्या तर दळण तिथेच झाले. नाही जोडल्या गेल्या, तर आपला पेनड्राइव्ह परत मागून घ्या.