आगाशिवच्या टाक्यांतले पाणी



लेणी बघायला गेलो की आपण स्तूपाला हात जोडतो आणि खाली उतरतो. आज मी तुम्हाला लेण्यांतले पाणी दाखवणार आहे.

कराडजवळ, जखिणवाडीच्या वर आगाशिवचा डोंगर आहे. तिथे साठाच्या वर बौद्ध लेणी आहेत. नक्षीकाम फारसे नाही. पण लेण्यांलगत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात. जुन्नर, कान्हेरीच्या लेखांत लेण्याबरोबर पोढी दान दिल्याची नोंद सापडते. राहायला जागा दिली की पाणीही द्यायचे, असा तो हिशेब.

कृष्णा-कोयना खाली वाहतात. रोज घागर वर कोण नेणार? म्हणून पाऊस पडतो तिथेच अडवला. अखंड काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही. चर खोदून पावसाचे पाणी टाक्यात घ्यायचे. तोंड लहान, आत पोकळी मोठी. ऊन कमी लागते, वाफही कमी होते.

आणि हे दान कुणाला? लेखांत 'चातुदिस संघ' येतो, म्हणजे चारी दिशांच्या भिक्खूंचा संघ. तू कुठल्या कुळातला, हा प्रश्न तिथे नाही.

आता याच कराड तालुक्यातले मसूर स्टेशन आठवा. १९०१ साल. लहानगे भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाली होती. मसूरला उतरून बैलगाडी केली. जवळ जेवण भरपूर होते, पण पाणी मिळेना. पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. वडील तिकडे दुष्काळी कामावर खजिनदार होते, आणि काम होते तलावाचे!

पोढी खोदणारी भूमी तीच. मग पाणी आटले का? नाही. माणुसकी आटली. म्हणून १९२७ साली महाडला जावे लागले.

आज टेंभूहून कृष्णेचे पाणी उपसून आटपाडी, कवठेमहांकाळपर्यंत नेतात. चांगलेच आहे. पण त्याला वीज लागते, बिल येते. आपल्या छपरावरचे फुकटचे पाणी मात्र गटारात जाते.

म्हणून वर्धापनदिनी दोनच गोष्टी मागतो. विहाराच्या छपराचे पाणी साठवू या. आणि एक नळ रस्त्याच्या बाजूला काढू या; येईल त्याने प्यावे, नाव-गाव विचारू नये.