चाड्यावरची मूठ



पेरणीच्या दिवसांत माझी आजी पाभरीमागून चालायची. आजोबा बैल हाकायचे आणि आजीची मूठ चाड्यावर असायची. बी मुठीतून चाड्यात, चाड्यातून नळीत आणि नळीतून तासात पडायचं. मूठ सैल सुटली की एका जागी बियांचा खच पडे आणि रोपं एकमेकांचं अन्न खात. मूठ आवळली की तास मोकळं राही. चाड्यावर कुणाला उभं करायचं हे घरात ठरलेलं असे, कारण पुढे पाऊस चांगला झाला तरी बिघडलेली पेरणी सुधारत नाही. मी प्लास्टिक सर्जन झालो आणि चेहऱ्यात चरबी भरायचं काम शिकलो, तेव्हा मला आजीची ती मूठ आठवली. आज बोलायचं आहे ते आमच्या चाड्याविषयी, म्हणजे चरबी आत सोडणाऱ्या साधनांविषयी.

रुग्णाच्याच पोटावरची किंवा मांडीवरची चरबी बारीक नळीने काढून घ्यायची, स्वच्छ करायची आणि जिथे चेहरा खोलगट झाला आहे तिथे पेरायची, असं हे काम. वय झाल्यावर गाल बसतात म्हणून ते करून घेणारे पुष्कळ आहेत. पण माझ्या डोळ्यांसमोर आधी दुसरेच चेहरे येतात. पॅरी-रॉम्बर्ग नावाच्या आजारात चेहऱ्याची एकच बाजू हळूहळू वाळत जाते. अपघाताचे, भाजल्याचे खड्डे असतात. आणि आपल्या देशात एचआयव्हीच्या उपचारात स्टॅव्ह्युडिन हे औषध बरीच वर्षं वापरलं गेलं. त्याने जीव वाचले, पण अनेकांच्या गालांतली चरबी झडली. आजार आटोक्यात, आणि चेहराच तो आजार जगाला सांगतोय, अशी त्यांची अवस्था झाली. ते औषध हळूहळू बंद करावं असं जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सांगितलं. या कामाला नुसती हौस म्हणणाऱ्यांनी या माणसांना एकदा भेटावं.

चरबी भरणं म्हणजे उशीत कापूस भरणं नव्हे. चरबी हा जिवंत पेशींचा समूह असतो. जुन्या जागेवरचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि नव्या जागेवरचा अजून यायचा असतो. मधल्या दिवसांत पेशी जगतात त्या आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर, आणि हा द्रव फार खोल पोचत नाही. ठिपका बारीक असेल तर सगळा जगतो. गोळा मोठा असेल तर कडेचा एक-दीड मिलिमीटरचा थर तग धरतो आणि गाभा मरतो. मेलेल्या गाभ्याचं तेल होतं, त्याची गाठ होते, आणि ती गाठ गालावर दिसते.

हे कळायला शंभर वर्षं लागली असं म्हणता येत नाही, कारण पहिल्याच माणसाला ते कळलं होतं. जर्मनीतले सर्जन गुस्ताव नॉयबर यांनी 1893 मध्ये दंडातली चरबी काढून क्षयामुळे पडलेला चेहऱ्यावरचा खड्डा भरला. वालाच्या दाण्यापेक्षा किंवा बदामापेक्षा मोठे तुकडे नीट टिकत नाहीत, अशी नोंदही त्यांनी केली. शिकागोच्या चार्ल्स मिलर यांनी 1926 मध्ये नळीतून चरबी सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. 1950 मध्ये अमेरिकेच्या लिंडन पिअर यांनी दाखवलं की बसवलेल्या चरबीचं जवळपास निम्मं वजन वर्षभरात घटतं. मग सर्जन काय करू लागले? निम्मी जाणारच, तर दुप्पट भरा! नॉयबरांची नोंद बाजूला पडली आणि चेहरे सुजट, गाठाळ होऊ लागले. माझ्या मते या विद्येची खरी पीछेहाट इथे झाली.

न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी 1980च्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दहा वर्षांत ही चूक दुरुस्त केली, तीही हत्यार बदलून. चरबी ओढायला 10 मिलिलिटरची सिरिंज, तीही दट्ट्या हलका मागे ठेवून, म्हणजे पेशी फाटत नाहीत. मग सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला 3000 फेऱ्यांनी तीन मिनिटं. वर तेल येतं, खाली रक्तपाणी बसतं, मधली चरबी आपली. आणि पेरायला 1 मिलिलिटरची सिरिंज, तिला पीळ देऊन घट्ट बसणारी ल्युअर-लॉक कॅन्युला. कॅन्युला म्हणजे सुईसारखीच नळी, पण टोक बोथट आणि भोक टोकाजवळ बाजूला. जाडी सतरा गेज, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर. नळी आत जाताना वाट करते आणि बाहेर येताना त्या वाटेत चरबी सोडत येते. एका फेरीत मिलिलिटरच्या दहाव्या भागाहून कमी, आणि डोळ्यांभोवती तर तिसाव्या ते पन्नासाव्या भागाएवढी. तास आणि पाभर, दुसरं काय?

सिरिंज एवढी लहान का, हे नीट सांगायला हवं. 10 मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या एक मिलिमीटर सरकला की मिलिलिटरचा साधारण सहावा भाग बाहेर पडतो. 1 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच सरकण्याने जेमतेम साठावा भाग पडतो. अंगठा तोच, मात्रा दहापट बारीक. पण याची दुसरी बाजूही आहे. अरुंद दट्ट्यावर तोच अंगठा दाबला की दाब जवळपास दहापट होतो. आणि चरबी पाण्यासारखी वाहत नाही, तिच्यात धागे असतात. तुम्ही मेंदीचा कोन हाताळला असेल. मध्येच बारीक गुठळी अडकते, रेघ थांबते, आपण जोर लावतो आणि एकदम भळ्ळकन मेंदीचा गोळा पडतो. हातावर पडला तर तो पुसता येतो.

चेहऱ्याच्या आत पडलेला पुसता येत नाही. कपाळाच्या आणि नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या मुख्य धमनीला जोडलेल्या आहेत. नळीचं टोक चुकून अशा वाहिनीत असेल आणि दाब रक्ताच्या दाबाहून जास्त असेल, तर चरबी प्रवाहाच्या उलट, डोळ्याच्या खोबणीपर्यंत मागे सरकते. दाब सुटला की रक्ताबरोबर पुढे येते आणि दृष्टिपटलाची वाहिनी बुजवते. माणूस टेबलावरच आंधळा होऊ शकतो. 2015 मध्ये कॅनडाच्या केटी बेलेझ्नाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातून नोंदलेले असे 98 रुग्ण एकत्र मांडले. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना चरबी टोचलेली होती. जागा बहुतेक भुवयांच्या मधली किंवा नाकाची. बाजारात मिळणारं हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवणारं औषध निदान हाताशी असतं. चरबी विरघळवणारं तसं काही आमच्याकडे नाही.

भुवयांमधून खोबणीच्या टोकापर्यंत जाणारी वाहिनी पूर्ण भरायला किती चरबी लागते, तेही मोजलं गेलं आहे. सरासरी 0.085 मिलिलिटर. 1 मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या अर्धा सेंटिमीटर सरकला की तेवढी होते. हा आकडा मी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला पाठ करायला लावतो.

म्हणूनच तैवानच्या काओशुंगमधले सर्जन लिन त्साय-मिंग यांच्या साधनाला मी मोल देतो. ते पिस्तुलासारखं दिसतं. आत 1 मिलिलिटरची सिरिंज बसते, आणि एकदा चाप ओढला की दट्ट्या ठरलेलं अंतरच पुढे जातो. चकती फिरवून मात्रा निवडायची. मिलिलिटरच्या साठाव्या भागापासून थेट दोनशे चाळिसाव्या भागापर्यंत सहा मात्रा आहेत. सर्वांत बारीक मात्रेवर त्या 0.085 साठी वीस वेळा चाप ओढावा लागेल. अंगठा दमतो, थरथरतो, घाईत असतो. चाप दर वेळी तेवढंच सोडतो. पापणीभोवतीच्या पातळ त्वचेत हे फार मोलाचं आहे.

बेल्जियममधल्या पॅट्रिक टोनार्ड आणि अलेक्सिस व्हेर्पाले यांनी 2013 मध्ये वेगळी वाट दाखवली. दोन सिरिंजांमधून चरबी तीसेक वेळा इकडून तिकडे करून तिचं पातळ दुधासारखं मिश्रण करायचं आणि ते सत्तावीस गेजच्या, म्हणजे अगदी बारीक, सुईतून त्वचेतच द्यायचं. यात चरबीच्या पेशी बहुतेक मरतात, त्वचेला उपयोग होतो तो सोबतच्या मूळ पेशींचा. खड्डा मात्र याने भरत नाही. जाहिरातीत दोन्ही गोष्टींची सरमिसळ केलेली दिसते, ते चूक आहे.

आता एक स्पष्ट सांगतो. चाप मात्रा राखतो, जागा राखत नाही. टोक कुठे आहे हे यंत्राला कळत नाही. दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहणं हीही खात्री नव्हे, चरबीने भरलेल्या नळीत रक्त दिसेलच असं नाही. नळी बोथट आणि जाडच हवी, कारण फार बारीक बोथट नळीही सुईसारखी वाहिनीत शिरते. आधी अ‍ॅड्रेनालिन देऊन वाहिन्या आकसवायच्या, नळी सतत हलती ठेवायची, चरबी मागे येतानाच सोडायची आणि अडलं तर जोर न लावता नळी बाहेर काढून साफ करायची. चांगल्या हातात साधी सिरिंजही सुरक्षित असते, आणि अडाणी हातात महागडं पिस्तूल घातक ठरतं.

म्हणून तुमच्यापैकी कुणी, किंवा घरातलं कुणी, हे करून घेणार असेल तर लाजू नका, विचारा. डॉक्टर, तुम्ही प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी आहात का? नळी बोथट वापरणार की सुई? एका फेरीत किती सोडणार? उत्तर देताना जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. पार्लरच्या मागच्या खोलीत तर मुळीच नको. आणि टोचल्यावर डोळ्यात कळ आली, अंधारलं, दुहेरी दिसू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. दृष्टिपटल रक्ताविना तास-दीड तासच तग धरतं. तसेच उठा आणि डोळ्यांचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा.