आधी नाली, मग कोळसा
(रेडिओवरील भाषण)



मला विषय दिला आहे तो असा : सरकारी कोळसा कंपनी कार्यक्षमतेने आणि सुरक्षितपणे कशी चालवावी. वेळ दिला आहे बारा मिनिटांचा. या विषयावर दिल्लीत समित्या बसतात, कोलकात्यात बैठका होतात, जाडजूड अहवाल निघतात. बारा मिनिटांत सगळंच सांगायला गेलो तर काहीच सांगून होणार नाही. म्हणून आज मी फक्त नालीबद्दल बोलणार आहे. हसू नका. खाणीच्या काठाभोवती वरच्या अंगाला खणतात ती नाली, खाणीतली मंडळी जिला गारलँड ड्रेन म्हणतात. ती नाली, खाणीच्या तळातला सम्प, म्हणजे पाणी गोळा होणारा खड्डा, आणि त्या सम्पवरचे पंप. मे महिना चालू आहे, मृग तोंडावर आलाय, तेव्हा हेच बोलायची वेळ आहे.

कोल इंडियाची उपकंपनी असलेल्या आपल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथे नागपुरात. खाणी नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांत आणि पलीकडे मध्य प्रदेशात छिंदवाडा, बैतूलकडे. २०२३-२४ या वर्षात या कंपनीने सुमारे ६ कोटी ९० लाख टन कोळसा काढला. सबंध कोल इंडियाचा आकडा त्या वर्षी ७७ कोटी टनांच्या वर गेला. त्यातला शंभरात पंच्याण्णव टनांहून जास्त कोळसा उघड्या खाणींतला, म्हणजे आभाळाकडे तोंड करून असलेल्या खड्ड्यांतला. आता मला सांगा, अशा खाणीत कोळसा कुठे असतो? तळाला. पावसाचं पाणी कुठे जातं? तळाला. दोघांचा पत्ता एकच.

नाली गाळाने भरलेली असेल तर शेताशिवारातलं सगळं पाणी काठावरून थेट आत येतं. सम्प भरतो, तळाची बेंच, म्हणजे कामाची पायरी, बुडते. शॉव्हेल वर हलवावं लागतं. हॉल रोडचा चिखल होतो, डंपर घसरायला लागतात, म्हणून ते थांबवावे लागतात. जो थोडाफार कोळसा निघतो तो ओला. वॅगनमध्ये चिकटतो, वीजकेंद्राच्या बंकरमध्ये अडकतो. इथली खाण बुडाली की कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत हिशेब मांडायला बसतात, किती दिवसांचा साठा उरला म्हणून. २०२१ च्या ऑक्टोबरात देशभर वीजकेंद्रांतला कोळसा आटला होता, आठवत असेल. कारणं बरीच होती; कोळसापट्ट्यात कोसळलेला पाऊस हे त्यांतलं एक.

तर नाली ही सुरक्षेची बाब की उत्पादनाची? कंपनीत या दोन गोष्टींची खाती वेगळी, अधिकारी वेगळे, बैठकाही वेगळ्या. सुरक्षा सप्ताहात फलक लागतात, शपथ होते, बक्षिसं वाटली जातात. उत्पादनाची बैठक मात्र रोज होते. नाली बिचारी या दोन टेबलांच्या मधे पडलेली असते. माझं म्हणणं एवढंच, की ज्या कंपनीची नाली मे महिन्यात साफ असते तिच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी ठीक असतात. आणि जिची नसते, तिचं ताळेबंदाचं पुस्तक कितीही चकचकीत असो, मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

आपल्याकडे विदर्भात कवेलूची घरं अजून आहेत. उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागतात. वर्षभर माकडं उड्या मारतात, कवेलू फुटतात, सरकतात, खालच्या कामट्या कुजतात. हे काम वैशाखात, छप्पर हाताला चटके देतं तेव्हाच करायचं असतं, कारण ओल्या छपरावर चढता येत नाही. पण वैशाखात घरात काय चाललेलं असतं? लग्न. पैसा लग्नात, माणसं लग्नात, बैलगाडीसुद्धा लग्नात. कवेलूवाल्याला निरोप धाडायचा राहून जातो. घर तीन भावांचं असेल तर बघायलाच नको. थोरला म्हणतो, धाकटा बोलावेल. धाकटा म्हणतो, पैशाचं मधला बघतो. मधला म्हणतो, मागच्या वर्षी मीच केलं होतं. मग मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि तिघंही घरभर पातेली मांडत हिंडतात. बरं, ज्याने वेळेवर कवेलू फेरले त्याचं कौतुक होतं का? न गळलेल्या घराबद्दल कोण कुणाला शाबासकी देतं?

सरकारी कंपनीचं लग्न मार्चमध्ये असतं. ३१ मार्चला उत्पादनाचा आकडा गाठायचा. फेब्रुवारीपासून सगळी यंत्रं कोळशावर लागतात. नालीवर एक एक्स्कॅव्हेटर लावा म्हटलं तर साहेब वेड्यात काढतात. एप्रिलमध्ये नवं वर्ष, नवं बजेट. पंपाची निविदा निघते. मे महिन्यात निविदा उघडते, कुणीतरी हरकत घेतो, ती परत जाते. चंद्रपूरला पारा पंचेचाळीसच्या वर. आणि जूनमध्ये पातेली. तीन भाऊ कोण, ते सांगायला नको. खाणीचा मॅनेजर, एरिया ऑफिस आणि मुख्यालय. कायद्याने जबाबदार मॅनेजर. सर्टिफिकेट त्याचं, नोटीस आली तर त्याच्या नावावर. पंप घ्यायचा अधिकार मात्र वरच्यांकडे. सरकारी खाणीलाही कायद्यापुरता एक ‘मालक’ नेमलेला असतो, हे पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक नसेल. त्या मालकाला माझी विनंती आहे, की पावसाळ्याच्या तयारीपुरते तरी पैशाचे अधिकार मॅनेजरच्या हाती द्या, आणि तेही जानेवारीतच.

आणखी एक मेख आहे. कोळशावरची माती काढायचं काम हल्ली बहुतेक ठेकेदाराकडे असतं आणि त्याचे पैसे घनमीटरवर मिळतात. जितकी माती हलवली तितकं बिल. आता नाली कशावर मोजणार? ती लांब, अरुंद, आडवळणाची. मोठा डंपर तिथे पोचत नाही. करारात ती ‘इतर अनुषंगिक कामं’ अशा एखाद्या ओळीत असते. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम ठेकेदार का करील? मी ठेकेदाराला दोष देत नाही, करार लिहिणाऱ्याला देतो. नालीचा मीटरवर वेगळा दर लावा, तो वेगळा मोजा आणि मे अखेर नाली पुरी नसेल तर मातीचं बिलही अडवा. बघा कशी होते ती.

काळ्या मातीचंही सांगायला हवं. वर्धा नदीच्या खोऱ्यात वरचा थर काळ्या जमिनीचा. ही माती आधी वेगळी काढून वेगळी साठवायची असते. घाईत ती तशीच खाली राहते आणि तिच्यावर मातीदगडाचा ढिगारा चढत जातो. उन्हाळ्यात तो डोंगरासारखा स्थिर दिसतो. पावसात पायथ्याला पाणी तुंबलं की खालची काळी माती निसरडी होते आणि वरचा अख्खा ढिगारा खाणीत उतरतो, यंत्रांसकट, माणसांसकट. म्हणजे ढिगाऱ्याच्या पायथ्यालाही नाली हवी. पाहिलंत? पुन्हा नालीच. आणि ढिगारे नदीकाठी रचले तर पात्र आवळतं, पूर गावात शिरतो. २०२२ च्या जुलैतला वर्धेचा पूर वणी-चंद्रपूरच्या लोकांना सांगायला नको. नदीकाठच्या खाणीच्या तोंडाची पातळी आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या दीड मीटर वर असावी, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण मागचा सर्वांत मोठा पूर हा शेवटचा मोठा पूर असतो, असं कुणी समजू नये.

काही जण म्हणतील, हे पावसाळ्यापुरतं झालं. नाही. आता जरा तारखा ऐका. छिंदवाड्याजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ माणसं गेली, ती १० डिसेंबर १९५४ ला. तेव्हा छिंदवाडा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी हेच नागपूर. धनबादजवळ चासनाला, २७ डिसेंबर १९७५, पावणेचारशेच्या आसपास माणसं. त्याच भागात बागडिगी, २ फेब्रुवारी २००१, २९ माणसं. यांतली एकही तारीख पावसाळ्यातली नाही. धनबादजवळच्याच गझलीटांडला सप्टेंबर १९९५ मध्ये भर पावसात नदीचं पाणी घुसून ६४ जण गेले, ती गोष्ट निराळी. भूमिगत खाणींत पाणी वर्षानुवर्षं जुन्या, सोडून दिलेल्या गाळ्यांत साठून बसतं आणि थंडीच्या कोरड्या दिवसांत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, भिंत फोडून येतं. चासनालाला आणि बागडिगीला असंच झालं. म्हणून जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, असा नियम आहे. पण ६० मीटर कुठून मोजायचे? नकाशावरून. आणि नकाशा राष्ट्रीयीकरणाच्या, म्हणजे १९७३ च्या आधीच्या मालकाने काढलेला असेल तर? त्याने रॉयल्टी चुकवायला चार गाळे नकाशात दाखवलेच नसतील तर? तर नकाशावर विसंबू नका. पुढे छिद्रं घेत चला. त्यात वेळ जातो, उत्पादन कमी होतं, कबूल. बुडालेल्या खाणीचं उत्पादन किती असतं, तेही एकदा मोजा.

राणीगंजच्या महाबीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये असंच जुन्या कामाचं पाणी फुटलं. इंजिनिअर जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कॅप्सूल बनवून घेतली, छिद्रातून स्वतः खाली उतरले आणि ६५ माणसं एकेक करून वर काढली. त्यांच्यापुढे हात जोडावेत. त्यावर चित्रपटही निघाला. पण वेळेवर साफ केलेल्या नालीवर चित्रपट निघत नाही, आणि बढतीच्या वेळी तिचा उल्लेखही होत नाही. वार्षिक मूल्यमापनात टनांचा रकाना असतो. पावसाळ्यात किती तास खाण पाण्याने बंद राहिली, असाही एक रकाना घाला. बाकी भाषणं बंद केली तरी चालतील.

युनियनच्या भावांनाही जरा बोलतो, रागावू नका. प्रत्येक खाणीत तुमची पिट सेफ्टी कमिटी आहे. कामगारांचा स्वतःचा निरीक्षक नेमायची तरतूद आहे. क्वार्टर, बदली, ओव्हरटाइम यांवर तुम्ही टेबल वाजवता, तो तुमचा हक्क आहे. पण मे महिन्याच्या बैठकीत नालीचा विषय कितीदा निघतो? चहा येतो, मिनिट्सवर सह्या होतात. त्यापेक्षा बैठक एकदा नालीच्या काठावर घ्या. चालत घ्या. चहा नंतर पिऊ.

वेळ संपत आल्याची खूण समोरून होते आहे. ठेकेदारी कामगारांविषयी बोलायचं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडच्या राजमहल खाणीत ढासळलेल्या मातीखाली २३ माणसं गेली, त्यांत बहुतेक ठेकेदाराची होती. मुसळधार पाऊस आला की माणसं बाहेर काढा असा हुकूम सुटतो. पण तो परक्या मुलखातून आलेल्या डंपरवाल्यापर्यंत पोचतो कसा, कोणत्या भाषेत, त्याच्या गाडीत वायरलेस आहे का, आणि थांबला तर त्याची त्या दिवसाची मजुरी... असो, ते पुन्हा कधी. उपसलेलं पाणी गावाला आणि शेताला देता येतं, आपल्याकडे पाटणसावंगीला तर खाणीच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात; तेही आज राहिलं.

नाली मात्र राहू देऊ नका. खाणीत काम करणारे श्रोते ऐकत असतील, त्यांच्या घरची मंडळी ऐकत असतील. मॅनेजरसाहेब, ३१ मेच्या आत संपूर्ण नाली स्वतः पायी फिरून पाहा. पंप नुसते मोजू नका, चालवून पाहा, आणि रजिस्टरवर सही खालच्या माणसाची नको, तुमची असू द्या.